दोन जोड हातमोजे आणि अख्ख्या गल्लीचा आयपी

माझी फजिती ऐकायचीय म्हणता? मग आधी चहा घ्या आणि घड्याळाकडे बघणं सोडा. घड्याळाचा या किश्श्याशी संबंध आहे, पण तो पुढे येईल. मधेच विचारलंत तर माझी लिंक तुटते.

चिखलीत गाळ्यांच्या गल्लीत माझं दुकान आहे. सेफ्टीचा माल. हातमोजे, सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल, कानात घालायचे इअरप्लग. तीस वर्षांपूर्वी बीडहून आलो तेव्हा सायकलच्या कॅरिअरला हातमोज्यांचं पोतं बांधून कंपन्यांच्या गेटवर उभा राहायचो. कॉलेज बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही. जे शिकलो ते गिऱ्हाइकाशी बोलून शिकलो. बोलणं हेच माझं भांडवल!

तर यंदा चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या सप्लायरांच्या यादीत माझं नाव लागायची वेळ आली होती. तीन शिफ्ट चालणारी कंपनी. बारा वर्षं मी त्या यादीकडे डोळे लावून बसलो होतो. सॅम्पल पास झाले, भाव पास झाले. मग मेल आला : खरेदी विभागाच्या देशमुख मॅडम शुक्रवारी अकरा वाजता दुकान बघायला येतील. तुमच्या वेबसाइटवरचे ग्राहकांचे अभिप्रायही त्या वाचतात.

वाचू देत की! वेबसाइट मीच हौसेने करून घेतली होती, आमच्या संदेशकडून. त्याचे वडील आणि मी एकेकाळी एकाच कंपनीत हेल्पर. पोरगा आता हिंजवडीत इंजिनिअर आहे. गिऱ्हाइकाने लिहिलेला अभिप्राय साइटवर जसाच्या तसा दिसला पाहिजे, हा माझा हट्ट. लपवाछपवी नाही! गिऱ्हाइकाला बसल्या बसल्या लिहिता यावं म्हणून दुकानात फुकट वायफाय. पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून टांगलाय, तरी पाणी विचारायच्या आधी मी तो तोंडी सांगतो.

सोमवारी संध्याकाळी साइटवर हे आलं. नाव नाही, गाव नाही :

‘माल उत्तम. मालक फार बोलतात. दोन जोड हातमोज्यांना पाऊण तास लागला. इअरप्लग काउंटरवरच ठेवावेत, गिऱ्हाइकांसाठी.’

इअरप्लग! माझेच इअरप्लग, माझ्याच विरुद्ध!

“सविता, हे वाच!” मी ओरडलो. सविता गायकवाड माझ्याकडे काउंटर सांभाळते.

“वाचलं.”

“धडधडीत खोटं आहे ना?”

“हं,” सविता म्हणाली.

सविताच्या ‘हं’चा अर्थ मला सहा वर्षांत कळलेला नाही.

आता तुम्हीच सांगा, माझ्याकडे दोन जोड कोण घेतं? माझा माल डझनाने जातो. म्हणजे हे गिऱ्हाईकच नाही! हा कोणीतरी जळणारा माणूस. आणि जळणारा माणूस कोण, तर समोरचे लोखंडे. त्यांनीही गेल्या वर्षापासून हातमोजे ठेवायला सुरुवात केलीय. सरळ आहे की नाही? मी संदेशला फोन लावला.

“काका, एवढंच ना? काढून टाकतो मी ते.”

“काढायचं नाही! काढलं तर आपणच चोर ठरतो. लिहिणारा माणूस पकडायचा आणि शुक्रवारच्या आत त्याच्याकडूनच खाली माफी लिहून घ्यायची. मॅडमना दिसू दे. कोण आहे सांग.”

“तसं नाही कळत काका. अभिप्राय आला की साइट मला मेल पाठवते, त्यात आयपी ॲड्रेस आलाय, चार आकडे आणि मध्ये टिंबं. तो पाठवतो तुम्हाला. पण तो माणसाचा नसतो, इंटरनेट कनेक्शनचा असतो. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते नेट देणाऱ्या कंपनीला माहीत, आणि ती असं कोणालाही सांगत नाही. पोलिसांनी रीतसर विचारलं तरच.”

“म्हणजे गाडीच्या नंबरासारखं!”

“गाडी म्हणायची तर बस म्हणा काका. बसचा नंबर कळला म्हणून आत कोण बसलंय ते—”

“नंबर बघायचा कसा ते सांग.”

“वायफाय चालू ठेवून मोबाइलवर ‘माझा आयपी’ असं शोधलं की दिसतो. पण ऐका ना, एकाच कनेक्शनवर खूप जणांचा—”

मी फोन ठेवला. त्याचं पूर्ण ऐकायला हवं होतं, असं तुम्हाला वाटत असेल. राव, ऐकणं हा माल मी ठेवतच नाही!

मंगळवारी सकाळी समोर गेलो. लोखंडे जुन्या चिखली गावातले, खुर्चीत पसरून बसले होते.

“लोखंडेशेठ, मोबाइल द्या जरा. नेट बघायचंय.”

“घ्या की. आमचं काय जातंय?”

मी शोधलं. आकडा आला. संदेशने पाठवलेला नंबर उतरवून घेतलेला कागद खिशातून काढला. पहिला आकडा जुळला, दुसरा जुळला, तिसरा, चौथा!

“सापडला!”

“काय सापडलं?”

“तुमचा आयपी!”

“माझं कुटं काय पडलं व्हतं?”

मी तो अभिप्राय त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून वाचला, आणि हसायला लागले. पोट धरून हो!

“मी न्हाई लिव्हलं शेठ. आईशप्पथ न्हाई. पन ज्यानं लिव्हलं त्याला माझ्याकडनं च्या सांगा.”

“नंबर खोटं बोलतो का?”

“मंग त्या सुशीलाबाईचा बी बघा की! दुकानात ती बी नेट वापरती.”

सुशीलाबाईंची चहाची टपरी गल्लीच्या तोंडाशी, पहिल्याच गाळ्यात. बाई आमच्या मराठवाड्यातल्या, म्हणून मी संशय घेणार नव्हतो. पण मोबाइल बघितला. तोच नंबर!

“अवो शेठ, मला लिहायला वेळ कुठं हाय?” त्या चमचा उगारून म्हणाल्या. “तुम्ही एक कट चहा सांगायला येता अन् बोलत उभे राहता. आजवर माझं किती दूध उतू गेलंय, ते मी कधी बोलले का?”

पलीकडे पावडर कोटिंगवाला शिंदे. त्याचाही तोच नंबर.

“मी नाही लिहिलं, काका,” तो कळवळून म्हणाला. “तुमचा फोन आला की मी तो स्पीकरवर टाकून बाजूला ठेवतो आणि माझं काम करतो, एवढंच. मधून मधून ‘बरोबर आहे’ म्हणतो. पण लिहिलं मात्र नाही!”

बघा म्हणजे! कबुलीजबाब नको तेवढे मिळत होते, गुन्हेगार मात्र मिळत नव्हता. बुधवार दुपारपर्यंत मी अकरा गाळे फिरलो. अकराही ठिकाणी तोच नंबर, टिंबासकट. आणि अकराही जणांनी ‘मी नाही’च्या पुढे ‘पण’ लावला!

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मीही केला. विचारातून एकच निष्कर्ष निघाला : कट! अख्ख्या गल्लीने एकत्र बसून, एकमताने, माझ्याविरुद्ध लिहिलंय! ज्या गल्लीसाठी मी रस्त्यावरच्या दिव्यापासून नेटच्या वायरीपर्यंत भांडलो, ती गल्ली!

मी मोठा कागद घेतला, मार्कर घेतला आणि दुकानाच्या काचेवर चिकटवलं :

‘जाहीर सूचना. खालील आयपी नंबर ज्याचा असेल त्याने समजून असावे की आम्ही त्याला पुरते ओळखले आहे. भेकडासारखे नाव लपवणाऱ्याने शुक्रवारपर्यंत दुकानात येऊन लेखी माफी मागावी.’

खाली नंबर. लाल अक्षरात.

तासाभरात गल्लीतल्या प्रत्येकाने आपापला मोबाइल त्या कागदाशी ताडून पाहिला. नंबर प्रत्येकाचाच होता, त्यामुळे भेकडही प्रत्येकजणच ठरला. सुशीलाबाईंनी माझा चहा बंद केला. शिंदे समोरून जाताना मान फिरवायला लागला. गुरुवारी दिवसभर दुकानात माझ्याशी बोलायला कोणी नाही! तुम्हाला कल्पना आहे का, मला काय यातना झाल्या असतील?

संध्याकाळी शटर ओढताना विचारलं, “सविता, उद्या मॅडम येणार. कागद काढू की राहू दे?”

“हं.”

राहू दिला.

शुक्रवारी बरोबर अकराला कंपनीची गाडी दारात. मॅडम उतरल्या, आणि दुकानात यायच्या ऐवजी काचेसमोर उभ्या राहिल्या. सूचना वाचली. वरून खाली एकदा, खालून वर एकदा. मग आत आल्या. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण चिखलीत रोज इतके चेहरे दिसतात, काय लक्षात राहणार?

मी “या या, पासवर्ड सांगतो,” म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून लोखंडे. त्यांच्यामागे सुशीलाबाई, शिंदे, आणि दारात आणखी सहा-सात डोकी.

“शेठ, आज शुक्रवार. आमी आलोय,” लोखंडे म्हणाले. “समद्यांचे नंबर बघितले तुमी. तुमचा कुनी बघितला?”

“माझा कशाला बघायचा?”

“बघा तर!”

मी मोबाइल सविताच्या हातात दिला. होऊन जाऊ दे! सविताने दोन बोटं फिरवली आणि स्क्रीन सगळ्यांकडे केली.

तोच नंबर. चारही आकडे. टिंबासकट.

खरं सांगतो, एक क्षण मला माझाच संशय आला! रागाच्या भरात मीच तर नाही ना लिहिलं?

“अवो, गल्लीत वायर एकच आलीया,” लोखंडे म्हणाले. “बबन केबलवाल्यानं तीच पत्र्यावरनं फिरवून समद्या गाळ्यांत सोडलीया. वायर एक, म्हणून नंबर एक. काल बबनलाच इचारलं. अन् तसं स्वस्तात करून घेतलं कुनी? तुमीच की! बिचारा म्हनला, शेठ बोलायचे थांबंनात म्हणून हो म्हनलो.”

म्हणजे संदेशची बस ती हीच! आणि ती गल्लीत आणणाराही मीच! पण बसमधला माणूस कोण?

“तो अभिप्राय माझा आहे,” देशमुख मॅडम म्हणाल्या.

लोखंडे पुन्हा पोट धरून हसायला लागले.

“सोमवारी आले होते मी, स्कूटरवर. सप्लायर कसा आहे, ते आधी साधं गिऱ्हाईक होऊन बघायची माझी पद्धत आहे. दोन जोड हातमोजे घेतले. तुम्ही वायफायचा पासवर्ड दिलात. मग तुम्ही बोलत होतात आणि मी लिहीत होते.”

“पण मॅडम, नाव तरी...”

“लपवलं नव्हतं. सांगणार होते. तीनदा तोंड उघडलं.”

मी गप्प झालो. पूर्ण सहा सेकंद. सविता म्हणते चार.

काचेवर ‘भेकड’ हा शब्द लाल नंबराच्या वर चमकत होता. बारा वर्षांची यादी माझ्या डोळ्यांसमोरून चाकणच्या दिशेने निघून चालली होती. मॅडमनी रॅकवरून एक बूट उचलला, सोल वाकवून पाहिला, ठेवला.

“माल चांगला आहे. भाव चांगला आहे. तुमचं नाव मी यादीत घालतेय,” त्या म्हणाल्या. “पण एक अट आहे. ऑर्डर, डिलिव्हरी, तक्रार, सगळं बोलणं यांच्याशी.” त्यांनी सविताकडे बोट केलं. “सोमवारी पावती यांनी दोन मिनिटांत केली होती. मान्य?”

“हं,” सविता म्हणाली. या वेळी अर्थ मलाही कळला.

“मान्य!” मीही म्हणालो. आता नुसतं मान्य म्हणणं बरं दिसतं का? मागची हकिगत नको सांगायला? बीड, सायकल, पोतं, गेटवरचे ते दिवस... सांगत सांगत मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी हसून मान डोलवली, दार लावलं, काच वर केली. गाडी वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी अजून बोलतोय.

परत येऊन आधी कागद फाडला. सुशीलाबाईंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग ऐकली.

संध्याकाळी साइटवर नवा अभिप्राय. नाव नाही : ‘ “मान्य” म्हणायला बावीस मिनिटं. सुधारणा आहे.’

लगेच संदेशचा फोन. “काका, या वेळी आयपी वेगळाच आहे हो! बघायचं का कोणाचा ते?”

“नको,” मी म्हणालो. बघून काय करणार? मला आयुष्यात एकदा भेटलेला कोणीही माणूस ते लिहू शकला असता.