एका कोयत्यातली दोन माणसं

माझी बायको सुनीती संगमनेरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत म्हटलं, तरी ती "कशावरून?" विचारते. या स्वभावापायी आमच्या घरी एकही निर्णय वेळेवर होत नाही. माझी त्यावर कुरकूर करून झालेली आहे.

दोनेक वर्षांपूर्वी तिच्याकडे ऊसतोड कुटुंबांचा एक अभ्यास आला. रक्तदाबाशी संबंध असलेलं एक जनुक अंगात असलं, की उन्हातान्हातले कष्ट बायकांना पुरुषांपेक्षा जास्त बाधतात का, हे तिला आकड्यांवरून सांगायचं होतं. तिसगावच्या भीमाबाई त्यात होत्या. ते जनुक त्यांच्यात होतं, भावातही होतं. रक्तदाबाचं दुखणं मात्र एकट्या भीमाबाईंना. आता लेकीच्या रक्तातही तेच निघालं. भीमाबाईंचा नवरा यंदा पोरीला ऊसतोडीला न्यायचं म्हणत होता. न्यावं का, एवढंच भीमाबाईंना सुनीतीकडून हवं होतं.

पहिल्या हिशेबात बायका-पुरुषांत फरक काही निघाला नाही. सुनीतीला मात्र चैन पडेना. प्रत्येक नवरा-बायकोचे कामाचे तास अगदी सारखे कसे? मग तिच्या ध्यानात आलं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात, दोघांचा हिशेब एकच. माहिती गोळा करणाऱ्यांनीही कोयत्याचेच तास विचारले आणि ते दोघांच्याही नावावर मांडले. बाईचं पहाटेचं पाणी, स्वयंपाक, मुलं, सगळं गळालं.

तिने बायकांना वेगळं विचारायला लावलं. फरक डोकावला खरा, पण जनुक असलेल्या बायका मूठभरच; तेवढ्यांवरून छातीठोकपणे काही सांगता येईना. सोबतचे डॉक्टर म्हणाले, "फरक नाही" असं लिहून मोकळ्या व्हा. ती भडकली आणि नाही म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

आम्ही तिसगावला गेलो. भीमाबाईंनी चहा ठेवला. सुनीती मान खाली घालून म्हणाली, "फरक नाही, असं मी म्हणणार नाही. पण आहे, असंही अजून सांगता येत नाही. आणखी पुष्कळ बायकांना विचारावं लागेल. वर्षं जातील."

आपण रिकाम्या हातांनी आलो याची तिला लाज वाटत होती. भीमाबाईंनी दाराबाहेर पाहिलं.

"मंग उत्तर येईस्तवर पोर फडावर येनार न्हाई. शाळेत जाईल," त्या बाहेर ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. मग त्यांनी सुनीतीचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "तुमी सावकाश करा, ताई. लई सावकाश."