चर्चेअंती सर्व नदीपार झाले

स्टेनोबाईंनी समोरच्या फ्लॅटचं दार वाजवलं तेव्हा त्यांच्या हातात वही होती, आणि वहीत पुरावा होता.

रविवारची दुपार. मुलगा आणि सून बाजारात गेले होते. बाई घरात एकट्याच होत्या, आणि निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्यापासून एकटेपणा हेच त्यांचं हजेरीपत्रक झालं होतं. तेवढ्यात समोरून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "आधी त्या म्हाताऱ्याला उडवा, पेटी मग बघू."

पाठोपाठ एक पुरुष म्हणाला, "वहिनी, त्याला मुलगी आहे."

"मग तिलाही."

दुसरं कोणी असतं तर दाराला आतून कडी घालून बसलं असतं. बाईंचा हात पेन्सिलीकडे गेला. साहेबांच्या तोंडून शब्द खाली पडायच्या आत झेलायचा, हेच काम त्या हाताने कचेरीत एकतीस वर्षं केलं होतं. चार दहा ते चार सतरा, सात मिनिटांचं संभाषण त्यांनी लघुलिपीत उतरवलं आणि मगच चप्पल पायात सरकवली.

दार एका चष्मेवाल्या गृहस्थाने उघडलं.

"तुमच्याकडे एका माणसाला मारायचं ठरतंय," बाई म्हणाल्या. "मी टिपून घेतलंय. वेळेसकट."

"टिपून? सगळं?"

"शब्दन्‌शब्द."

गृहस्थाचा चेहरा पडायच्या ऐवजी उजळला. तो आत वळून म्हणाला, "अहो, यांनी सगळं लिहून घेतलंय."

"देव पावला," आतून तोच खणखणीत आवाज आला. "आत घ्या त्यांना. चहा टाका."

तर असा बाईंचा त्या घरात शिरकाव झाला. चष्मेवाले शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. पृथ्वीवरचे नकाशे पुरेनात म्हणून त्यांनी स्वतःचं एक जग काढलं होतं, नद्या, डोंगर, खाड्यांसकट, आणि गेली तीन वर्षं दर रविवारी ते जग टेबलावर अंथरून घरी येणाऱ्या दोन माणसांना त्यात फिरवत होते. पैकी वहिनी दातांच्या डॉक्टर. दवाखान्यात "जरासं दुखेल हं" म्हणणाऱ्या वहिनी इथे साडेआठ फुटी राक्षसीण असायच्या. दुसरा त्यांचा धाकटा दीर. हा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दहाव्या मजल्यावर लोंबकळणारा हा गडी खेळात मांत्रिक होता, आणि त्या मांत्रिकाला उंचीची भीती वाटायची.

"म्हणजे हे नाटक आहे?" बाईंनी विचारलं.

"नाटकात शेवट ठरलेला असतो," मास्तर म्हणाले.

"मग पत्ते?"

"पत्त्यांत राक्षस कुठे असतात, काकू?" दीर म्हणाला.

"माझ्या नणंदेबरोबर खेळून बघ एकदा," बाई म्हणाल्या, आणि वहिनींनी तिथल्या तिथे त्यांना आपलं मानलं.

मग तिघंही एकदम समजावायला लागले. भाविकाला वाट दाखवायला तीन पुजारी धावावेत तसा प्रकार. मास्तरांनी नकाशा पुढे ओढला, दिराने पुस्तकांची चळत आणली, वहिनींनी अंगठ्याएवढी राक्षसीण बाईंच्या तळहातावर ठेवली. तिच्या डोळ्यांतली बुबुळं वहिनींनी स्वतः, एका केसाच्या कुंचल्याने रंगवली होती. वीस बाजूंचा फासा बाईंनी चिमटीत धरून उपटलेली दाढ बघावी तसा बघितला. हे लोक काय करणार ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं ते हा फासा सांगतो, इतकं त्यांना कळलं. पण मागच्या रविवारी कोण काय म्हणालं हे या तिघांपैकी एकालाही आठवत नाही, हे मात्र पक्कं कळलं.

"तुम्ही फक्त लिहा," मास्तर म्हणाले. "बाकी आम्ही बघतो."

पुढच्या रविवारी बाई तीन टंकलिखित पानं घेऊन हजर झाल्या. "विषय क्रमांक एक. म्हातारा व त्याची मुलगी यांना ठार मारण्याच्या प्रस्तावावर विचार झाला. मांत्रिक यांनी विरोध नोंदवला. प्रस्ताव फेटाळण्यात आला. विषय क्रमांक दोन. पेटीत साप निघाला. सभेने खेद व्यक्त केला."

दीर खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. तेव्हापासून 'मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे' झाल्याशिवाय फाशाला कोणी हात लावेना. दिराने त्यांना अंतराळातल्या चित्रकथा वाचायला दिल्या. वहिनींनी एका मालिकेचे चौऱ्याऐंशी भाग क्रमाने लावून दिले, वर "पहिले पाच सोसा" असा सल्ला. बाईंनी सोसले. सहाव्यापासून सुनेला स्वयंपाकघरातून हाका मारून मारून घसा बसवावा लागला.

"आई, तिथे नेमकं करता काय तुम्ही?" मुलाने एकदा विचारलं.

"काल पूल ओलांडला."

"कुठला पूल?"

"दगडी. खाली आग होती." बाईंनी शांतपणे भात वाढून घेतला.

पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एकच विचार यायचा. या मंडळींना आपली गरज आहे ती पेन्सिलीपुरती. टेबलाची चौथी खुर्ची आपली नाही, वहीची आहे. म्हणून त्या कधी मत द्यायच्या नाहीत, फासा उचलून बघायच्या नाहीत. हसू आलं तर पदर तोंडाला लावायच्या.

वही असूनही भांडण झालं, आणि झालं ते वहीवरूनच.

गोष्ट अशी. राक्षसीण विषारी बाणाने मरायला टेकली होती. तिला वाचवू शकेल असा एकच दिवा होता, तो यांच्याजवळ होता, मागे नदी ओलांडताना एका नावाडिणीकडून घेतलेला. आणि नेमकी तेव्हाच ती नावाडीण समोर उभी राहून म्हणाली, अर्थात मास्तरांच्या तोंडून, "माझा दिवा द्या. परत आलात की द्यायचा ठरला होता."

"शब्द दिलाय मी," दीर म्हणाला. "देऊन टाकूया."

"तू शब्द दिला नव्हतास. 'बघू' म्हणाला होतास."

"वहिनी, मी सर्वांतर्फे शब्द दिला होता."

"सर्वांतर्फे देण्यात तुझा हातखंडा आहे. माझ्या दवाखान्याचं छत रंगवतो हासुद्धा तू सर्वांतर्फे दिलेला शब्दच होता ना? दोन वर्षं पोपडे पडतायत रोग्यांच्या तोंडात."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तीन वर्षं वाढवलंय मी तिला." वहिनींनी ती अंगठ्याएवढी राक्षसीण मुठीत घेतली. "तुझ्या उदारपणापायी मरायला नाही. ती गेली तर मी परत यायची नाही इथे, सांगून ठेवते."

दीरही पेटला. "आणि माझा शब्द खोटा ठरला तर मी तरी कशाला येऊ?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "भांडता कशाला? नोंद आहे. अकराव्या सभेचं काढा, बाई."

बाईंनी टंकलिखित पान काढलं. त्यावर लिहिलं होतं, "नावाडीण यांच्याशी साधकबाधक चर्चा झाली. चर्चेअंती सर्व नदीपार झाले."

"साधकबाधक म्हणजे काय ठरलं?" वहिनींनी विचारलं.

"मूळ वही बघा ना, काकू," दीर म्हणाला. "त्यात असणारच."

बाईंनी मूळ वही उघडली. लघुलिपीच्या आकड्या-वेलांट्या पानभर धावत होत्या आणि पानाच्या मध्यावर तुटल्या होत्या. खाली अर्धं पान कोरं. पुढचं पान थेट पैलतीरावर सुरू होत होतं.

तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाई सांगतील ते खरं, कारण त्या रेघोट्या वाचणारं खोलीत दुसरं कोणी नव्हतं. 'शब्द दिला' म्हटलं तर दीर राहील, 'बघू' म्हटलं तर वहिनी राहतील. 'दिवा परत करू, पण काम झाल्यावर' असं मधलं काहीतरी वाचून दाखवलं तर दोघंही राहतील, आणि वहीही राहील. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. कचेरीत एका साहेबांनी एकदा त्यांना असंच एक वाक्य घालायला सांगितलं होतं. तेव्हा बाईंनी मान डोलावली नव्हती, आणि त्यापायी चार वर्षं तळघरातल्या दप्तरखान्यात धूळ खाल्ली होती. पण तेव्हा घालवण्यासारखं काय होतं? एक खिडकीजवळचं टेबल.

"नोंद नाही," बाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"मी लिहिलंच नाही. मी हसत होते. पेन्सिल हातातून सुटून पडली आणि मला उचलावीशी वाटली नाही. घरी गेल्यावर 'चर्चेअंती' घालून झाकलं." त्यांनी वही मिटली, पेन्सिल पेटीत ठेवली, पेटी पर्समध्ये. "एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. तुम्ही दुसरी व्यवस्था बघा." आणि त्या उठल्या.

मग वहिनींनी विचारलं, "काकू, कशावर हसत होता?"

"तुमच्या दिरावर."

"माझ्यावर? मी काय केलं?"

बाई उभ्याच होत्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली, मान आत ओढली, डोळे गरगरवले आणि दिराच्या मांत्रिकाच्या चिरक्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, नाव फार उंच आहे हो. पाणी खाली दिसतंय मला."

मास्तरांचा चहा नाकात गेला. दीर तोंड उघडं टाकून बघत राहिला. वहिनी हसू दाबत होत्या, ते काही दबेना. शेवटी त्यांनी राक्षसीण टेबलावर उभी करून ठेवली.

"इतका रंगात आला होता ना," त्या दिराकडे न बघता म्हणाल्या, "तर दिला असेल शब्द. रंगात आला की हा काहीही देतो. माझा राग गेलेला नाही. छत आधी."

"या शनिवारी," दीर म्हणाला.

"तारीख सांग."

बाई दाराकडे निघाल्या होत्या. मास्तरांनी कपाटातून खेळातल्या पात्राचा एक कोरा तक्ता काढून त्यांच्या पुढ्यात धरला. "लिहिणाऱ्याला हसणं परवडत नाही, हे खरं. त्या कामावरून तुम्हाला कमी केलं समजा. खेळणाऱ्याला चालतं."

"मग नोंद कोण ठेवणार?"

"कोणी नाही. भांडू."

बाईंनी तक्ता घेतला. सवयीप्रमाणे आधी सगळे रकाने वाचले. नाव, धंदा, बळ, अक्कल. "हे 'धैर्य' आकड्यात भरायचं?" त्यांनी विचारलं, आणि सही करायला जागा नाही म्हणून हरकत घेतली. धंद्यापुढे खूप वेळ पेन्सिल थांबली. मग त्यांनी लिहिलं, 'प्रवासी'.

"तर मग," मास्तर नावाडिणीचा आवाज काढून म्हणाले, "ही नवी कोण? आणि माझा दिवा कुठाय?"

तिघांच्या नजरा बाईंवर. आजवर त्या दुसऱ्याचं बोलणंच पुढे पोचवत आल्या होत्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"दिवा तुमचाच आहे, बाई," त्या म्हणाल्या. "पण आमचं माणूस आजारी आहे. आजची रात्र राहू द्या. उद्या मी स्वतः आणून देते."

"पटवायला चौदा लागतील," मास्तर म्हणाले. "टाका."

बाईंनी फासा दोन्ही हातांत घोळवून घोळवून टाकला. तो टेबलभर फिरला आणि थांबला. सात.

"हे काही खरं नाही," बाई म्हणाल्या. "टेबल तिरकं आहे. पुन्हा टाकते."

"पुन्हा नाही, काकू," दीर म्हणाला.

"टाकू दे रे त्यांना, पहिलीच वेळ आहे," वहिनी म्हणाल्या.

"तुझी राक्षसीण वाचते म्हणून म्हणतेस."

"मग? वाचू नये?"

"तुम्ही गप्प बसा दोघंही," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून नावाडिणीकडे वळल्या. "हे बघा बाई, आकड्याचं जाऊ द्या. तुम्हाला घरी लेकीसुना आहेत की नाहीत?"