मास्तरांचं ‘थम’

साताऱ्याला मी ज्या मास्तरांकडे इंग्रजी टायपिंग शिकले, ते पूर्वी पलटणीत कारकून होते. साठ सालानंतरची गोष्ट. मजकूर सांगताना स्वल्पविराम आला की ते टाच आपटून, कवायतीत थांबायचा हुकूम द्यावा तसं, ‘थम’ म्हणत. नव्या मुलीचा हात दचकून भलत्याच अक्षरावर पडायचा.

"दोन वाक्यं ‘बट’नं न्हाईतर ‘अँड’नं जोडायची, तर आदी थम," ते बजावत. "पर दोनी तुकड्या आपल्या पायावर उभ्या पायजेत. फुडली लंगडी असंल, म्हंजी पुरं वाक्य नसंल, तर थम न्हाई."

मला हसू यायचं. पण नियम डोक्यात बसला तो बसलाच.

कोरेगावहून मी रोज एस.टी.नं जायची ती एकाच आशेवर. पास झाले तर सांगलीच्या कचेरीत नोकरी, नाहीतर लग्न. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्थळं बघायला सुरुवातही केली होती.

परीक्षेत मजकूर सांगणारे साहेब एकसुरी बोलत सुटले. ना थम, ना टाच. मग मीच टेबलाखाली टाच आपटू लागले. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. बघेनात का. मी पास झाले आणि नोकरीचा हुकूमही आला.

आबा मात्र स्थळं बघतच राहिले. तेही पलटणीतूनच पेन्शनीत आलेले हवालदार, घरात त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. शेवटी मास्तरच पेढे खायच्या निमित्तानं घरी आले आणि त्यांनी नोकरीचा विषय काढला.

"पास झाली ते लय ब्येस झालं मास्तर," आबा म्हणाले, "पण..."

मास्तरांची टाच फरशीवर वाजली. "थम."

आबा थांबले. आईच्या रडण्यानं कधी न थांबणारे आबा त्या एका शब्दावर थांबले. पलटण सुटली तरी सवय सुटत नाही.

"आता फुडली तुकडी सांगा. पायावर उभी ऱ्हातीया का बगू."

"सांगली लांब हाय."

"आवं, तुमी आसाम बगून आलाय."

आबांनी मिशी चोळली. मग आईला म्हणाले, "माजी ट्रंक काढ. तिचं कुलूप चांगलं हाय."

मास्तरांच्या पाया पडताना मला त्यांची ती झिजलेली टाच फार प्रिय वाटली.

निघायच्या दिवशी आबा एस.टी.च्या खिडकीशी उभे होते. "नीट ऱ्हा," म्हणाले, "आणि..."

त्यांनी हलकेच टाच आपटली. पुढचं वाक्य काही आलं नाही. मी कराडपर्यंत रडत होते.