पत्रे काढले तरी शुक्रवार येतोयच

लोक इचारतेत, "येशूला मानायला लागल्यापसून तुमाला लय तरास झाला म्हणं?" झाला की! पण सांगायला बसलं की तरास मागं ऱ्हातो अन् किस्सेच पुढं पळतेत. गोठ्यातल्या शेणावानी हाय हे. आज उचललं तरी उद्या पुन्हा पडलेलं!

आमचं गाव पोखर्णीकडं जाणाऱ्या रस्त्याला. दर शुक्रवारी दुपारी माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात आमी दहा-बारा जण प्रार्थनेला बसतोत. सेलूवरून पास्टर येतेत, फटफटीवर. धाकटे दीर भाऊराव, म्हणजे आमचे भावजी, भिंतीला भिंत लावून ऱ्हातेत. त्यांनी सगळ्या गावापुढं छाती ठोकली, "वहिनीची ही शुक्रवारची मिटिंग बंद पाडतो का न्हाई बघा!"

मी म्हणलं, "पाडा की! पण कॅलेंडरातून शुक्रवार कसा काढताव, ते आधी सांगा."

*

पहिल्यांदा आमचं दळण बंद केलं. गिरणीवाला खाली मान घालून म्हणला, "अक्का, तुमचं दळलं तर गाव माझ्याकडं यायचं न्हाई." डबा उचलला अन् घरी आले.

गोठ्यात सासूचं जातं पडलेलं होतं. कोंबड्या बसायच्या त्याच्यावर. घासून धुतलं अन् समोर सोनामावशीला बसवलं. सोनामावशी आमच्यातली सगळ्यात म्हातारी. तोंडात दात न्हाई, पण आवाज असा की बैल बुजावा! आता जात्याला हात लागला की बाईच्या तोंडून ओवी येतीयच. आमी येशूच्या जुळवल्या.

अन् आठवडा बी झाला नसंल, गावचा लाइटीचा डीपी जळाला. गिरणी ठप्प! संध्याकाळी माझ्या दारात बाया उभ्या, डोक्यावर ज्वारीचे डबे. सगळ्यात पुढं कोण? सरपंचाची बायको!

ती जात्यापुढं बसली खरी, पण अवघडली. म्हणली, "अक्का, मी आपली इठ्ठलाचीच ओवी म्हणीन बरं का."

सोनामावशी म्हणली, "म्हण बाई, म्हण. पीठ काय इचारून पडतंय का?"

*

मंग भावजींनी पोलिसात तक्रार दिली. आमिष दाखवून धर्म बदलायलेत म्हणून. जमादार आले, शेडात खुर्ची टाकून बसले. आमी सगळे रांगेत. पास्टरचं तोंड सुकून खारीक झालेलं.

"खरं सांगा. हा पास्टर काय देतो तुमाला? पैसे? धान्य? कपडे?"

माझं टाळकंच सरकलं. "देतो? साहेब, दर शुक्रवारी माझ्या घरी दोन भाकरी अन् ठेचा खाऊन जातेत हे! वरून जाताना बायकोसाठी लोणचं बी बांधून नेतेत!"

जमादारानं पेन खाली ठेवला. पास्टरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणला, "मंग अक्का, आमिष तर तुमी ह्यांना दाखवायलाव की!"

*

पोलिसाचं जमंना म्हणल्यावर भावजींनी काठ्या घेऊन पाच-सहा गडी पाठवले. ते दारात आले तवा आमचे डोळे मिटलेले, पास्टरची प्रार्थना चालू. त्यांच्यातला मोरक्या दबक्या आवाजात म्हणला, "थांबा रे. देवाचं चालू असताना हात उचलायचा न्हाई. आमेन होऊ द्या, मंग धरू."

हे पास्टरनं ऐकलं!

झालं. पावसासाठी प्रार्थना झाली. कापसासाठी झाली, सोयाबीनसाठी झाली. तालुका झाला, जिल्हा झाला. महाराष्ट्र झाला, दिल्ली झाली. समुद्रावरच्या कोळ्यांसाठी झाली, जे आमच्यापैकी कुणी बघितले बी न्हाईत! मी एक डोळा उघडून बघितलं तर एक जण काठीला टेकून पेंगायलाय. शेवटी मोरक्या म्हणला, "चला रे, म्हशी वरडायल्या असतील. धारा काढायच्यात."

त्यांच्या गाड्यांचा आवाज पार लांब गेला, तवा कुठं आमेन आलं. पास्टर घामानं चिंब. "इतकी लांब प्रार्थना मी जल्मात केली न्हाई!"

सोनामावशी म्हणली, "कामून खोटं बोलताव? दर शुक्रवारी एवढीच असती!"

*

पुढच्या बारीला मात्र त्यांनी आमेनची वाट बघितली न्हाई. पास्टरला येताना रस्त्यातच गाठलं. फटफटी नाल्यात, अन् हात मोडला.

मी रडले. खोटं कशाला बोलू? वाटलं, जिंकले भावजी. आता कोण येतंय मरायला आपल्या गावात!

अन् पुढच्या शुक्रवारी पास्टर एसटीतून उतरले. हात गळ्यात, डोळ्याखाली काळंनिळं, अन् तोंडावर हसू. आमच्या बायांनी पदर तोंडाला लावले.

सोनामावशी तेवढी काठी टेकत पुढं गेली. तो हात नीट निरखून बघितला. म्हणली, "आता कळलं ना, हात दुखल्यावर कसं ऱ्हातंय? दोन वर्षं झाली माझ्या खांद्यासाठी प्रार्थना करायलाव. आता तरी जरा मनापासून करा!"

पास्टर इतके हसले की मोडका हात धरून खालीच बसले.

*

शेवटी भावजींनी पत्र्यालाच हात घातला. आमी बाजाराला गेलतो, तेवढ्यात शेडाचे सगळे पत्रे काढून आपल्या अंगणात नेऊन टाकले. आमी उघड्यावर बसलो. ऊन लागलं, पण गाणं थांबलं न्हाई.

अन् इथंच त्यांचं चुकलं! आधी आवाज पत्र्याखाली दबून ऱ्हायचा. आता ढोलकी सरळ भिंतीवरून त्यांच्या चुलीपशी! थोड्याच दिवसांत माझी जाऊ कांता भाकरी थापता थापता आमचंच गाणं गुणगुणायली. भावजी उडालेच. "हे काय म्हणायलीस?"

"मला काय म्हाईत! भिंतीवरून आलं."

त्या शुक्रवारी भावजी स्वतः डोक्यावर पत्रे घेऊन दारात. "हे घ्या, वहिनी. अन् तुमचा आवाज आत ठेवा!" शिडी लावली, वर चढले, ठोकायला लागले. तेवढ्यात पास्टर आले. मी म्हणलं, "तुमी ठोका, आमी गातोत." खाली ढोलकी, वर हातोडा.

शेवटचा खिळा झाला. भावजी बघतेत तर शिडी न्हाई! कांता घेऊन गेलती, कडबा काढायचाय म्हणून. हाका मारल्या, तर ती ओ देईना. बसले मंग वरच, उन्हात.

खाली प्रार्थना सुरू झाली. दुखण्याखुपण्याची नावं घ्यायची आमची रीत हाय. एकेक जण नाव सांगतंय, पास्टर त्याच्यासाठी प्रार्थना करायलेत. सगळ्यांची नावं झाली. पास्टर आता आमेन म्हणणार, तेवढ्यात पत्रा करकरला.

"ओ पास्टर..."

आमी सगळ्यांनी वर बघितलं.

"आमच्या हरण्याचं बी नाव घ्या."

पास्टरनं घाबरत घाबरत इचारलं, "हरण्या कोण?"

"बैल हाय. कालपसून चाऱ्याला तोंड लावंना."