पन्नास रुपयांच्या वरचे शेअर

कळंबला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे एक मिस्तरी आहेत. फावल्या वेळात ते शेअर घेण्याचा आपला नियम कॉम्प्युटरवर जुन्या भावांना लावून बघतात. दहा वर्षांत एकदाही तोटा नाही! कारण आज ज्यांचा भाव पडून पन्नासच्या खाली आला आहे, ते शेअर हा गडी आधीच वगळतो.

"पण भाऊ, कुठला शेअर पडणार हे दहा वर्षांपूर्वी कसं कळलं असतं?"

टेस्टरनं कान कोरत ते म्हणाले, "पडनारा शेअर घ्यायचाच कशाला, राव?"

माझी मोटार त्यांच्याच टेबलावर उघडी पडली होती. निघताना भीतभीत गॅरंटीचं विचारलं.

"आपन भरलेली एकबी मोटार परत जळत न्हाई," ते छातीठोकपणे म्हणाले. "जळल्या त्या मी हिशेबात धरतच न्हाई."