भरतीत अडकलेली पिन

ट्रॅक्टरची मागची चाकं पाण्यात होती आणि पिन काही निघत नव्हती. मी वाकून हातोडा मारत होतो. प्रत्येक घावाला खारं पाणी तोंडावर उडत होतं.

नागावच्या किनाऱ्यावरची गोष्ट. सुगंधाताई आपल्या ट्रॅक्टरने लोकांच्या बोटी समुद्रातून वर ओढून देतात. त्या दुपारी बोट चढवलेला ट्रेलर ओल्या वाळूत रुतला आणि त्याच्यापायी ट्रॅक्टरही. ट्रेलर सुटला तर ट्रॅक्टर एकटा बाहेर निघाला असता. पण दोघांना जोडणारी जाड लोखंडी पिन जागची हलेना. वर भरती चढत होती. इंजिनात खारं पाणी शिरलं की ट्रॅक्टर संपला, आणि ताईंचं घर त्या एका ट्रॅक्टरवर चालतं. म्हणून त्यांनी आमच्या वर्कशॉपला फोन केला होता.

तीस वर्षं मेकॅनिक आहे, त्यामुळे थोडी ऐट होतीच. गंज असेल म्हणून पिनेवर डिझेल ओतलं, ठोकलं, शिव्या घातल्या.

"ताई, रिव्हर्स घ्या. अगदी बोटभर, झटका बसेल इतकाच."

त्यांनी घेतला. चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली. मी वर्कशॉपच्या शेठना फोन लावला.

"गॅस कटर पाठवा. पिन कापावी लागणार."

"कटरवाला अलिबागला गेलाय. तासभर लागेल."

"तासाभरात इथे मासे पोहतील, शेठ!"

ताई खाली उतरल्या आणि समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या. मला रागच आला. मग त्यांनी बोटीचा नांगर खांद्यावर घेतला, वर कोरड्या वाळूत नेऊन रोवला, दोर ताणून बोटीला बांधला.

"मिस्त्री, ठोकू नका. जरा पानी चढू द्या."

"चढू द्या? ट्रॅक्टर बुडेल ना!"

"न्हाय बुडत. आता बोट उतारावर हाय, ती पिनेला मागं खेचतेय. लाट आली की बोटीला उचलेल, पुढं ढकलेल. तवा पिनेवर जोर न्हाय. मी सांगेन तवाच काढा."

मी हातोडा खाली ठेवला. पिन गंजली नव्हती, भाराने आवळली होती. हे मला कळायला हवं होतं.

पिनेच्या डोक्याखाली पहार घालून मी थांबलो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. एक लाट आली.

"ही न्हाय."

दुसरी आली. "ही पन न्हाय."

तिसरी आली, बोट डुलली, ट्रेलर कुरकुरला.

"दाबा!"

पिन अलगद हातात आली. नांगराने बोट धरून ठेवली, ट्रॅक्टर वर निघाला, आणि कोरड्या वाळूवरून लांब दोर लावून ताईंनी ट्रेलरही ओढून काढला. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटला. ज्या पाण्याला मी घाबरत होतो, त्यालाच त्यांनी कामाला लावलं होतं.

तेव्हापासून पिन अडकली की हातोडा उचलण्याआधी मी भार कुणीकडून येतोय ते बघतो.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये या कामाचं जॉब कार्ड भरलं. मेकॅनिकच्या नावाच्या रकान्यात 'सुगंधाताई' लिहिलं. शेठनी चष्मा वर केला.

"ही कोण? कामावर ठेवायची का?"

"विचारून बघा," मी म्हटलं. "पण मग मला त्यांच्या हाताखाली ठेवावं लागेल."