चार्ल्सटनला गाळलेलं उत्तर

माझं आडनाव कुठल्याही जातीत खपतं. अल्फारेटा या अमेरिकन उपनगरातल्या मराठी मंडळींत मीही ते खुशाल खपवलं. आमचा मॅनेजर पुण्याचा. ग्रीन कार्डसाठी माझं नाव पुढे करणारा तोच. तो जेवायला यायचा त्या दिवशी हॉलमधली बुद्धाची पितळी मूर्ती मी कपाटात टॉवेलांमागे ठेवायचो. मूर्ती बाबांनी नागपूरहून पाठवलेली होती.

२००५ साली बाबा आले, तेव्हाही मॅनेजर जेवायला येणार म्हणून मी ती कपाटात ठेवली. त्यांनी रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं आणि मॅनेजरशी क्रिकेटवर गप्पा मारल्या. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आज लाज वाटते.

पुढच्या वीकेंडला त्यांना चार्ल्सटन दाखवायला नेलं. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये म्हातारा गाइड ह्युगेनॉट या फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांची हकिकत सांगत होता. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी मराठीत सांगत होतो. राजाने त्यांच्या पंथावर बंदी घातली, ते फ्रान्समधून पळाले. इथल्या इंग्रज वसाहतीच्या मालकांना रेशीम आणि वाइन करणारे कारागीर हवे होते, म्हणून इथे जमीन मिळाली. रेशीम म्हटल्यावर बाबा सरसावून बसले; त्यांची हयात कापडगिरणीत गेली होती.

"जमलं का रेशीम?"

"नाही. मग भातशेती केली, गुलाम राबवून."

"अरेरे," बाबा म्हणाले. "पण धर्म तर नाही न सोडला?"

गाइड नेमकं तेच सांगत होता. पोरं मोठी झाली. पदं, चांगली स्थळं, ओळखी, सगळं इंग्रजांच्या चर्चमध्ये होतं. एकेक करून बरीचशी तिकडे गेली, कुणी जबरदस्ती न करता.

"नाही सोडला," मी म्हणालो.

अकराव्या वर्षी आजोबांचं बोट धरून दीक्षा घेतलेल्या त्या माणसाने नुसती मान हलवली.

महिन्याभराने मॅनेजर पुन्हा यायचा होता. मी कुकर लावून बाहेर आलो, तर बाबा मूर्ती आपल्या पंच्यात गुंडाळत होते.

"राहू द्या ना, बाबा," मी म्हणालो. पण त्यांचा हात काही धरला नाही.

"तुला अडचण नको. तो गाइड एवढा वेळ बोलला, अन् तू दोन शब्दांत उरकवलं. त्यांच्या पोरांचं काय झालं, समजलं मला तेव्हाच."

बेल वाजली आणि मी दार उघडायला गेलो.

ग्रीन कार्ड आलं. मूर्ती बाबा परत घेऊन गेले होते. ती मागायला मला अजून तोंड नाही.